हिरव्या ठिपक्यामागचा माणूस

ऑफिस नाही, ट्रॅफिक नाही, डोक्यावर बॉस नाही... रिमोट स्टार्टअपमधली नोकरी म्हणजे अगदी ड्रीम जॉब! पण लॅपटॉपच्या त्या बाजूला नक्की काय असतं? पावणेदोन वर्षांचा हा आँखो देखा हाल.

रिमोट स्टार्टअपमध्ये काम करणाऱ्याला तीन प्रश्न हमखास विचारले जातात. एक, ‘ऑफिस कुठेय?’ दोन, ‘मग दिवसभर घरीच?’ आणि तीन, आवाज जरा खाली आणून, ‘पगार वेळेवर होतो ना गं?’ तिसऱ्याचं उत्तर एक तारखेला बँकेचा एसएमएस देतो. दुसऱ्याचं घरचे देतात, तेही न विचारता. पहिल्याचं उत्तर मात्र मी दर वेळी वेगळं द्यायचे. आत्याला ‘बंगळुरूला’, सोसायटीच्या सेक्रेटरींना ‘ऑनलाइन’, आणि बँकेच्या फॉर्मवर चक्क घरचाच पत्ता!

२०२२च्या जूनमध्ये मी जॉईन झाले तेव्हा आम्ही एकूण एकोणीस जण होतो. छोट्या दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंट आणि बिलांचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी. एक फाउंडर बंगळुरूत, दुसरा सॅन फ्रान्सिस्कोत. डेव्हलपर्स कोची, नाशिक आणि गुवाहाटीत. डिझायनर इंदूरचा. डॉक्टरांचे फोन घेणारी सपोर्टची मुलगी साताऱ्याची. आणि कंटेंट लिहायला मी, पुण्यात, कर्वेनगरच्या टू बीएचकेमधल्या बाल्कनीच्या खोलीत. ॲपमधल्या बटणावर काय लिहायचं, बिल छापलं गेलं नाही तर काय करायचं, हे सगळं सोप्या भाषेत मांडायचं, हे माझं काम. तीन इंटरव्ह्यू, एक ऑफर लेटर आणि कुरिअरने आलेला लॅपटॉप. बास, झाले मी एम्प्लॉयी! ना कुणाशी शेकहँड, ना कॅन्टीनचं कूपन.

पहिले सहा महिने मात्र सॉलिड गेले. माझ्या मैत्रिणी सकाळी आठला वाकडच्या पुलाखाली अडकून ‘हिंजवडी गाठायला अजून चाळीस मिनिटं’ असे मेसेज टाकायच्या, तेव्हा मी दुसरा चहा टाकत असायचे. दुपारी डब्यातली नाही, तव्यावरची पोळी! आजीला माझ्या नोकरीचं फारसं काही कळलं नव्हतं, पण ‘पोरगी वेळेवर जेवते’ एवढ्यावर तिचं कंपनीबद्दल उत्तम मत झालं होतं. अडचणी होत्या, पण मजेशीर. कुकरच्या शिट्ट्या, खालून ‘भाजीऽऽ’ची आरोळी. गणपतीच्या आधीचे दोन महिने नदीकाठी ढोल-ताशाची प्रॅक्टिस सुरू झाली, की संध्याकाळच्या कॉलवर मी कायम म्यूट. शिवाय पुण्याचा गुरुवार! देखभाल-दुरुस्तीसाठी वीज आणि पाणी बंद ठेवायचा हा आपला ठरलेला वार. ‘आज आमच्याकडे गुरुवार आहे’ हे वाक्य सॅन फ्रान्सिस्कोतल्या माणसाला समजावून सांगायला मला तीन मेसेज लागले होते.

लिहाल तर टिकाल

रिमोट स्टार्टअप म्हणजे लॉकडाउनमधलं वर्क फ्रॉम होम, असं अनेकांना वाटतं. तसं ते नाही, बॉस. मार्च २०२०मध्ये सगळी ऑफिसेस रातोरात घरी आली, पण ती होती ऑफिसेसच. तेच साहेब, त्याच मीटिंगा, फक्त चौकोनात. रिमोट कंपनीला मुळात ऑफिसच नसतं, त्यामुळे सगळा फंडाच वेगळा.

कल्पना तशी जुनी आहे. अमेरिकेत जॅक निलेस यांनी १९७३ साली ‘टेलिकम्युटिंग’ हा शब्द काढला तेव्हा इंटरनेट तर सोडाच, घरोघरी कॉम्प्युटरही नव्हता. माणसाने कामाकडे जाण्याऐवजी काम माणसाकडे का जाऊ नये, एवढाच त्यांचा सवाल. पुढे २००५मध्ये सुरू झालेली, वर्डप्रेस डॉट कॉम चालवणारी ऑटोमॅटिक ही कंपनी पहिल्यापासून जगभर विखुरलेली. तिने २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोतलं आपलं मोठं ऑफिस बंद करायचं ठरवलं, कारण तिथे फारसं कुणी फिरकतच नव्हतं! गिटलॅब तर मुख्यालय नसतानाच ऑक्टोबर २०२१मध्ये अमेरिकेच्या नॅसडॅक शेअर बाजारात उतरली. या कंपनीचं कामकाज कसं चालतं ते सांगणारं हँडबुक इंटरनेटवर कुणालाही वाचता येतं आणि ते हजारो पानांचं आहे. रजा कशी घ्यायची इथपासून मीटिंग कशी टाळायची इथपर्यंत सगळं लेखी.

‘लेखी’ हाच इथला खरा मंत्र. ऑफिसात तुम्ही शेजारच्या टेबलावर वाकून ‘अरे, हे काय झालं?’ विचारता. इथे ते लिहावं लागतं. का विचारतोय, आधी काय करून पाहिलं, कधीपर्यंत उत्तर हवंय, सगळं. समोरचा कदाचित झोपलाय, तो उठल्यावर वाचेल. मास कम्युनिकेशनच्या कोर्सात आम्हाला बातमीचा पहिला परिच्छेद घासून घासून लिहायला लावायचे. ते ट्रेनिंग मला इथे न्यूजरूमपेक्षा जास्त उपयोगी पडलं. आमचा गुवाहाटीचा डेव्हलपर मीटिंगमध्ये एक शब्द बोलायचा नाही, पण त्याची नोट वाचली की प्रश्नच मिटायचा. नेहमीच्या ऑफिसात मोठ्या आवाजाच्या लोकांनी त्याला केव्हाच मागे टाकलं असतं. इथे तो राजा होता. लाजाळू माणसांसाठी, छोट्या गावातून काम करणाऱ्यांसाठी ही पद्धत खरंच वरदान आहे. साताऱ्याच्या मुलीला पुण्यात खोली घ्यायची असती, तर पगारातला मोठा वाटा घरभाड्यातच गेला असता. इथे ती पगार घेऊन घरच्या अंगणात बसायची.

रात्रीचे साडेनऊ

आता नाण्याची दुसरी बाजू. जागेचं स्वातंत्र्य मिळालं, पण वेळेचं काय?

सॅन फ्रान्सिस्कोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेनऊ. आमचा आठवड्याचा मोठा कॉल तेव्हाच असायचा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात आणि आपली जागच्या जागी राहतात. म्हणजे साडेनवाचा कॉल साडेदहाला! बाबा सिरीयल संपवून झोपायला जायचे आणि मी केस विंचरून कॅमेऱ्यासमोर बसायचे. आई एकदा म्हणाली, ‘तू घरी असतेस खरी, पण असतेस कुठे?’

कंपनीत कुणी ‘रात्री काम करा’ असं म्हणत नव्हतं, हे मुद्दाम सांगायला हवं. नियम उलटाच होता, ‘आपल्या वेळेत काम करा.’ पण चॅटमध्ये नावापुढे तो हिरवा ठिपका असतो ना, ‘हा माणूस आत्ता इथे आहे’ असं सांगणारा? तो सगळ्यांचा दिसतो. रात्री अकराला सात हिरवे ठिपके दिसले, की आठव्यालाही लॅपटॉप मिटवत नाही. ऑफिसात निदान शिपाई येऊन लाइट बंद करतो!

या प्रश्नावर जगात कायदे झालेत. फ्रान्समध्ये कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याचा हक्क १ जानेवारी २०१७पासून कायद्यात आला. ऑस्ट्रेलियाने ऑगस्ट २०२४मध्ये तो लागू केला. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ सालीच लोकसभेत ‘राइट टू डिस्कनेक्ट’ नावाचं खासगी विधेयक मांडलं होतं. पण खासगी विधेयकांचं जे होतं तेच त्याचं झालं. चर्चा भरपूर, कायदा नाही. तेव्हा लॅपटॉप कधी मिटवायचा ते आपलं आपणच ठरवायचं. मी संध्याकाळी साडेसातला चार्जर काढून कपाटात ठेवायला लागले. कॉलचा दिवस सोडून, अर्थात. बॅटरी संपली की काम संपलं! साधा उपाय, पण चालला.

इंदूरचा ठिपका

पण वेळेपेक्षाही मोठी एक गोष्ट होती. ती मला कळली इंदूरच्या डिझायनरमुळे.

हा मुलगा म्हणजे आमच्या टीमची जान. इंदूरच्या मराठी घरातला, त्यामुळे आमची गट्टी लवकर जमली. त्याचं मराठी जरा हिंदीच्या वळणाचं, मधाळ. माझ्या प्रत्येक बटणाच्या मजकुरावर त्याची कॉमेंट असायची, ‘दोन शब्द कमी कर ना, बटण आहे, निबंध नाही.’ २०२३च्या पावसाळ्यात त्याच्या कॉमेंट्स कमी झाल्या. बोर्डावर त्याच्या नावापुढची चार कामं लाल झाली, म्हणजे उशीर. ठिपका मात्र कायम हिरवा. सकाळी नऊला हिरवा, रात्री बारालाही हिरवा.

एका मंगळवारी त्याचं नाव करडं झालं. पुढे एकच शब्द, ‘डीॲक्टिव्हेटेड’. थोड्या वेळाने फाउंडरचा चार ओळींचा मेसेज आला, की त्याच्या पुढच्या वाटचालीला शुभेच्छा. त्यावर चौदा जणांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. झाला निरोप समारंभ! ना केक, ना समोसे, ना ‘टच में रहना यार’. त्याने बनवलेले स्क्रीन माझ्यासमोर उघडे होते आणि तो नव्हता.

आठवड्याभराने मी त्याला फोन केला तेव्हा कळलं. त्याच्या बाबांच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस, एका वेळी चार-चार तास. हा हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये बाकावर बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करायचा. मीटिंगमध्ये कॅमेरा बंद, कारण मागे हॉस्पिटलची भिंत. मी विचारलं, ‘अरे, सांगायचंस तरी!’ तो म्हणाला, ‘कुठल्या चॅनलवर सांगू?’

हे तो चिडून नाही म्हणाला, खरंच विचारत होता. आमच्याकडे बग्जसाठी चॅनल होतं, रजेसाठी होतं, मीम्ससाठी होतं, अगदी घरच्या मांजरांच्या फोटोंसाठीही होतं. ‘माझे बाबा आजारी आहेत आणि मला भीती वाटतेय’ यासाठी नव्हतं. ऑफिसात तेही लागत नाही. चार दिवस दाढी न केलेला चेहरा लिफ्टमध्ये कुणीतरी बघतं. टपरीवर कटिंग घेताना कुणीतरी विचारतं, ‘काय रे, झोपला नाहीस का?’ तेवढ्यावर अर्धी गोष्ट बाहेर येते. मग टीम लीड साहेबांच्या कानावर घालतो, दुसरा कुणी दोन कामं स्वतःकडे ओढून घेतो. हे सगळं कुठल्याही हँडबुकात लिहिलेलं नसतं. एका छताखाली बसल्यामुळे ते फुकट मिळतं, एवढंच.

रिमोट कंपनीत काम दिसतं, तारीख दिसते, उशीर तर लाल रंगात दिसतो. माणूस दिसत नाही.

हा फक्त आमच्या एकोणीस जणांचा किस्सा आहे असं समजू नका. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत २०१०-११मध्ये एक गाजलेला प्रयोग झाला. स्टॅनफर्डचे अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शांघायच्या कॉल सेंटरमधल्या काही जणांना घरून काम करू दिलं, काहींना ऑफिसातच ठेवलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली. नोकरी सोडून जाण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. वा! पण त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली. तेवढंच चांगलं काम केलं तरी घरून काम करणाऱ्यांना प्रमोशन मिळण्याचं प्रमाण घटलं. काम पोचत होतं, पण माणूस साहेबांच्या नजरेत भरत नव्हता. इंदूरला जे दुखण्याचं झालं, ते शांघायला बढतीचं झालं.

बुधवारचा चहा

पुढे जे झालं त्याचं श्रेय साताऱ्याच्या मुलीला. तिने तोच प्रश्न सगळ्यांच्या चॅनलवर लिहून टाकला, ‘आपल्यापैकी कुणाच्या घरी काही बिनसलं, तर ते आपल्याला कसं कळणार?’ खाली काहीच नाही. ना इमोजी, ना शुभेच्छा. चोवीस तास त्यावर कुणी उत्तर दिलं नाही. मग बंगळुरूच्या फाउंडरने दिलं, आणि बरंच लांबलचक दिलं.

त्यातून दोन नियम झाले. दर बुधवारी दुपारी चारला अर्धा तास चहा, कामाचा शब्द काढायचा नाही. आणि दर आठवड्याला चिठ्ठ्या टाकून जोड्या, त्या दोघांनी एकमेकांना वीस मिनिटं फोन करायचा. व्हिडिओ नाही, साधा फोन, चालता चालता. पहिले काही बुधवार भयंकर अवघडलेले गेले. ‘मग, पाऊस आहे का तिकडे?’ ‘आहे.’ ‘बरं.’ पण महिनाभराने कोचीच्या डेव्हलपरने सांगितलं, की त्याच्या बायकोला सातवा महिना लागलाय आणि त्याला रात्रीचे कॉल नको आहेत. पुढच्याच आठवड्यात त्याचे कॉल सकाळी गेले. कुठला अर्ज नाही, काही नाही.

त्या डिसेंबरात कंपनीने सगळ्यांना तीन दिवस गोव्याला बोलावलं. दीड वर्ष रोज ज्यांच्याशी बोलत होते, त्यांना मी पहिल्यांदा उभं पाहिलं! माणसाची उंची झूमवर कळत नाही हो. गुवाहाटीचा राजा निघाला सहा फुटी, आणि दरडावून बोलणारी आमची प्रॉडक्ट मॅनेजर माझ्या खांद्याएवढी. एकमेकांच्या पाठीवर थापा मारण्यातच पहिला दिवस गेला. दुसऱ्या रात्री जेवताना कोचीवाल्याने इंदूरला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन ताटाताटातून फिरवला. निरोप साडेचार महिने उशिरा झाला, पण झाला.

कंपनी नंतर फार टिकली नाही. पुढची गुंतवणूक आली नाही आणि मार्च २०२४मध्ये सगळ्यांनाच नारळ मिळाला. स्टार्टअप आहे, हे होतं. अमेरिकेतल्या बेटर डॉट कॉमच्या सीईओंनी डिसेंबर २०२१मध्ये एकाच झूम कॉलवर सुमारे ९०० जणांना काही मिनिटांत घरी पाठवलं होतं, ती बातमी आठवत असेल. आमच्या फाउंडरने प्रत्येकाला वेगळा फोन केला. मला त्याचा फोन चाळीस मिनिटं चालला. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, हेही त्याने विचारलं. नोकरी गेली ती गेलीच, पण करडं नाव होऊन मी गेले नाही.

ऑफर लेटरच्या आधी

हल्ली अनेक जण विचारतात, ‘रिमोट स्टार्टअपची ऑफर आहे, घेऊ का?’ जरूर घ्या! पण चार गोष्टी आधी विचारून घ्या.

एक, तुम्ही पगारी नोकर की कन्सल्टंट? परदेशी छोट्या कंपन्या बऱ्याचदा कन्सल्टंट म्हणून घेतात. आकडा मोठा दिसतो, पण पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि पगारी रजा काँट्रॅक्टमध्ये असली तरच. होम लोनला गेलात की बँक सॅलरी स्लिप मागते आणि तुमच्या हातात असतात इनव्हॉइस.

दोन, पगार शहरावर ठरतो का? काही रिमोट कंपन्या राहत्या गावाप्रमाणे पगार ठरवतात, काही सगळ्यांना सारखाच देतात. उद्या पुणे सोडून गावी गेलात तर पगार कापणार का, हे आजच विचारा.

तीन, घड्याळ कुणाचं? ‘फ्लेक्झिबल’ या शब्दावर जाऊ नका. रोजचा सगळ्यात उशिराचा कॉल आपल्या वेळेप्रमाणे किती वाजता, आणि नोव्हेंबरात किती वाजता, ते विचारा.

चौथा प्रश्न इंटरव्ह्यूच्या अगदी शेवटी विचारायचा. ‘शेवटचा माणूस कंपनी सोडून गेला, तेव्हा त्याला निरोप कसा दिलात?’ मी आता हा प्रश्न सगळ्यांना विचारायला सांगते. काही जण गडबडतात, काही एचआरची पॉलिसी वाचून दाखवतात. एखादा मात्र हसून म्हणतो, ‘अहो, तो अजून आमच्या चहाच्या कॉलवर येतो.’ तिथे जॉईन व्हा.

आणि आधीच अशा नोकरीत असाल, तर आज एक करा. यादीत असा एक ठिपका शोधा जो सतत हिरवा आहे, पण बरेच दिवसांत ज्याचा आवाज ऐकलेला नाही. मेसेज नको, फोनच करा. आणि पावसापासून सुरुवात केलीत तरी चालेल.